काचा पुसायला आणलेला मासा

माझ्या टाकीतला पहिला कॅटफिश मी मासा म्हणून आणलाच नव्हता, फडकं म्हणून आणला होता. काचेवर हिरवट थर धरायला लागला होता आणि ज्याला विचारावं तो एकच सांगे, "एक सकर टाक, सगळं चाटूनपुसून ठेवेल." पिशवीत बोटाएवढं, 6 सेंटिमीटरचं ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू होतं. पाण्यात सोडल्यावर ते काचेला तोंड लावून चिकटलं आणि घरातले सगळे ते बघायला गोळा झाले.

टाकी 3 फुटी, पाणी साधारण 130 लिटर. आत 12 चिमुकले निऑन टेट्रा मासे, हनी गुरामी माशांची एक जोडी आणि बरीच झाडं. सकरने पहिले दोन महिने इमानेइतबारे काचा चाटल्या, नाही म्हणणार नाही. पुढे त्याला बुडणाऱ्या खाद्याची चव लागली आणि काचेवरचं त्याचं लक्षच उडालं. वर्षभरात तो वीतभर झाला. वळताना शेपटीच्या फटक्याने झाडं उपटायचा, रोज सकाळी तळाला विष्ठेच्या दोऱ्या पडलेल्या असायच्या, आणि आठवड्याला एकदा पाणी बदलून विष्ठेपासून पाण्यात साचणारं नायट्रेट आटोक्यात येईना. ज्याला सफाईला आणलं त्याच्याच मागे झाडू घेऊन फिरायची वेळ माझ्यावर आली.

वाचायला बसलो ते तेव्हा. सकर म्हणून विकला जाणारा हा मासा बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या वंशातला असतो आणि तो 30 ते 45 सेंटिमीटर होतो. "टाकी बघून मासा वाढतो" हे मीही चारचौघांत ठोकून दिलेलं वाक्य. तसं काही नसतं. लहान टाकीत त्याची वाढ खुंटते, तब्येत बिघडते, एवढंच. शेवटी 6 फुटी टाकी असलेल्या एका स्नेह्याने तो नेला. त्याआधी दोघातिघांनी "नदीत सोडून दे" असा सल्ला दिला होता. दक्षिण अमेरिकेतले हे मासे असेच सोडले गेल्यामुळे कितीतरी देशांतल्या नद्यांमध्ये फोफावलेत आणि काठ पोखरून बिळं करतायत. म्हणून तो सल्ला ऐकला नाही.

एवढं वाचूनही दुसरी चूक केलीच. या वेळी फक्त आकार बघितला. पिक्टस कॅटफिश 10-12 सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, अंग चांदीसारखं, त्यावर काळे ठिपके, मिशा पार शेपटीकडे पोचणाऱ्या. "शांत मासा आहे," असं सांगून मला दिला. शांत आहेच तो, पण ज्याला गिळता येत नाही त्याच्याशी.

मुलीला निऑन मोजायची सवय. आठवड्याभरात म्हणाली, "बाबा, अकराच आहेत." झाडांत बघितलं, फिल्टरच्या मागे बघितलं, टाकीबाहेर उडून पडला असेल म्हणून जमीनही बघितली. काही सापडलं नाही. चार दिवसांनी दहा, मग नऊ. एका रात्री दिवे बंद करून टॉर्चला लाल कागद लावला आणि टाकीसमोर बसलो. निऑन रात्री रंग सोडतात. निळी रेघ फिकटून ते नुसते राखाडी होतात आणि झाडांच्या आडोशाला जवळजवळ न हलता तरंगत राहतात. पिक्टस मिशा पुढे करून, आंधळा माणूस काठीने चाचपतो तसा पानापानांतून येत होता. एक मिशी एका निऑनला लागली. पुढचं दिसलंही नाही, फक्त पाणी हललं. सकाळी आठ.

त्यात पिक्टसचा काही गुन्हा नव्हता. तो त्याचं काम करत होता, माझंच करायचं राहिलं होतं. मोठे मासे असलेल्या टाकीत त्याची सोय लावली आणि मगच कागद घेऊन बसलो. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहायचे: पूर्ण वाढल्यावर किती लांब? त्याच्या तोंडात माझ्या टाकीतलं कोण मावेल? आणि दिवे गेल्यावर हा काय करतो?

बरीच नावं पहिल्याच प्रश्नाला गळाली. शार्क म्हणून विकला जाणारा पंगासियस मीटरभराच्या पुढे जातो, वर दचकला की काचेवर नाक आपटून घेतो. लालशेपट्या कॅटफिशही मीटरभराचाच, आणि त्याचा जबडा बघितला तर दुसरा प्रश्न विचारायची गरजच राहत नाही. उलटा पोहणारा सायनोडॉन्टिस मात्र फार मनात भरला होता. काँगो खोऱ्यातला हा मासा पोट वर करून पोहतो, म्हणून इतर माशांच्या उलट त्याचं पोटच पाठीपेक्षा गडद असतं. आकार बरोबर, स्वभावही बरा. पण तो रात्रीचा फिरस्ता आणि निऑनवरून माझा हात एकदा पोळलेला, म्हणून सोडला. काचेसारखा पारदर्शक ग्लास कॅटफिश माझ्या टाकीत चालला असता, पण तो मधल्या पाण्यात थव्याने राहतो आणि मला तळाला राहणारा हवा होता.

उरली कोरिडोरास. तोंड खाली आणि बारकं, लांबी 5 ते 7 सेंटिमीटर, कुणाच्या वाटेला जात नाही. इथे वाटलं, झालं, आता मिळेल ती कोरी आणायची. पण कोरी म्हणजे एक मासा नव्हे, शेकडो जाती आहेत आणि सगळ्यांना एकच पाणी मानवत नाही. मला आधी पॅलिएटस घ्यायची होती, तिच्या इतिहासापायी. बीगल जहाजाच्या सफरीत डार्विनने गोळा केलेल्या माशांमध्ये ही होती आणि 1842 मध्ये लिओनार्ड जेनिन्स या निसर्ग-अभ्यासकाने तिचं वर्णन लिहिलं. पण ती थंड पाण्याला सरावलेली, आणि माझी टाकी गुरामींसाठी 26 अंशांवर. दोन अंश खाली आणलं तर गुरामी नाराज, न आणावं तर कोरी. डार्विनला रामराम केला आणि उबदार पाण्यात रमणारी स्टर्बाय निवडली. काळपट डोक्यावर पांढरे ठिपके आणि बाजूच्या परांचे काटे नारिंगी. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी कोरिडोरासची मोठी फेरमांडणी केली, त्यात हिचं नाव हॉप्लिसोमा स्टर्बाय झालं. विकणारे अजून कोरीच म्हणतात, मीही.

मासे आणण्याआधी तळ बदलावा लागला. माझ्याकडे टोकदार खडी होती. कोरी सारखी तळ उकरत असते. खडी टोचरी असली आणि तिच्यात घाण साचून राहिली की मिशा झिजत जातात. गुळगुळीत बारीक वाळू आणली आणि बादलीत धुवायला बसलो. पाणी नितळ यायला दुपार गेली, पाठ मोडली ती वेगळीच. खडी एकदम काढली नाही. तिच्यावर माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू वसलेले असतात, म्हणून अर्धी काढली, दोन आठवडे थांबलो, अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर असल्याची चाचणी केली आणि मग उरलेली काढली.

सहा आणल्या. कोरी एकटीदुकटी ठेवली तर कोपऱ्यात दबून बसते, म्हणून सहाच्या खाली जायचं नाही असं आधीच ठरलं होतं. आधी तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्या. तिथून काढताना नेहमीची जाळी वापरली आणि फसलो. धोका वाटला की कोरी पाठीचा आणि बाजूच्या परांचे काटे ताठ करून अडकवून टाकते. एकीचा काटा जाळीत असा रुतला की निघेना. ओढावं तर काटा मोडायचा. जाळी पाण्यातच धरून नखकात्रीने एकेक दोरा कापला. तेवढ्यात अंगठ्याला टोचलंच, आणि तासभर गांधीलमाशी चावल्यासारखं ठसठसत होतं. आपल्याकडे कॅटफिशला शिंगटी म्हणतात, ते नाव शिंगावरून का पडलं असेल ते त्या दिवशी कळलं. आता जाळी नाही, प्लॅस्टिकचं भांडं.

पहिल्या दिवशी आणखी एका गोष्टीने घाबरवलं. तळाशी निवांत असलेली कोरी एकदम बाणासारखी वर गेली, पृष्ठभागावर तोंड उघडलं आणि परत खाली. मला वाटलं, पाण्यात प्राणवायू कमी पडला. पण ती मुळात हवेचा घोट घेऊन आतड्यातून श्वास घेऊ शकते, अधूनमधून असं करणं तिचं रोजचंच. सगळ्याच सारख्या वर धावायला लागल्या तर मात्र पाणी तपासावं.

वाळूतली कोरी बघणं ही तर चैन आहे. डोळ्यांपर्यंत तोंड खुपसते, मग कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सुटते. मध्येच डोळा खाली फिरवते, तो डोळा मारल्यासारखा दिसतो. मुलगी तिला परत डोळा मारते.

जेवण मात्र मुद्दाम तळाला पोचवावं लागतं. "वरच्यांचं उष्टं खाऊन जगतात" हे ऐकून मी पहिला आठवडा काही वेगळं दिलं नाही, तर पोटं खपाटीला गेली. आता दिवे बंद केल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाकतो. आणि कोरी काही विष्ठा खात नाही, तो विषय तिथेच संपवा. औषधाचंही जपून करावं लागतं. यांच्या अंगावर खवले नाहीत, त्या जागी हाडांचे पत्रे आहेत, पण मीठ आणि तांब्याची औषधं त्यांना लवकर बाधतात.

पुढे दोन कोऱ्या आणखी आल्या आणि सोबतीला एक ब्रिसलनोज. हाही सकरच, पण 12-13 सेंटिमीटरवर थांबणारा. नर असल्याने नाकावर फांद्यांसारखे तंतू आहेत. नर एकमेकांची गुहा बळकावतात, म्हणून एकच. त्याच्यासाठी खरवडायला लाकडाचा ओंडका ठेवलाय. तो त्याखाली दिवसभर झोपतो.

काचेवरचा हिरवा थर दिवा 10 तासांवरून 7 तासांवर आणल्यावर निम्मा झाला. उरलेला मी दर आठवड्याला जुन्या कार्डाने खरवडतो. खरवड तळाशी पडली की आठही कोऱ्या लगबगीने येतात, मिशा लावून बघतात आणि निघून जातात.