सपत्नीक उपस्थित राहावे

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा नोटीस आली. वार्षिक सभा, नंतर स्नेहभोजन, "सर्व सभासदांनी सपत्नीक उपस्थित राहावे". आता फ्लॅट माझ्या नावावर, शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव, मेंटेनन्स माझ्या खात्यातून जातो, मग मी पत्नी आणू कुठून? सेक्रेटरी काकांना तसं विचारलं तर म्हणाले, अहो ताई, त्यात सगळेच आले की, शब्दाचं काय एवढं घेऊन बसलात!

सोडून दिलं असतं, पण नेमकी हीच पळवाट मी आधी वाचली होती आणि ती काढणारी बाई होती एलिनॉर रूझवेल्ट, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची पत्नी. १९४७ सालची गोष्ट. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, युनोने मानवी हक्क आयोग नेमलेला, रूझवेल्टबाई त्याच्या अध्यक्ष, आणि जगातल्या प्रत्येकाचे हक्क एका कागदावर लिहायचं, म्हणजे मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचं काम चाललेलं. मसुद्यातल्या 'ऑल मेन' या शब्दांवर हरकत आली तेव्हा त्यांचं म्हणणं असं की अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन'च आहे, म्हणून काही आमच्या बायकांना आपले हक्क गेले असं वाटलं नाही. आता तो जाहीरनामा १७७६ चा आणि अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली १९२० साली. वाटलं नाही म्हणे.

आयोगावर भारताकडून होत्या हंसा मेहता. मूळच्या सुरतेच्या, वडील बडोदा संस्थानचे दिवाण, पण १९३० च्या सत्याग्रहात मुंबईत परदेशी कापडाच्या दुकानांसमोर पिकेटिंग करून तुरुंगात गेलेल्या. १९२७ ला पुण्यात जी अखिल भारतीय महिला परिषद सुरू झाली तिच्या त्या पुढे अध्यक्ष झाल्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारताच्या स्त्रियांच्या वतीने घटना समितीला तिरंगा दिला तो यांनीच. अशा बाईला 'मेन म्हणजे सगळे आलेच' हे पटणार होतं का! त्यांचं साधं म्हणणं, उद्या कुठलंही सरकार म्हणेल मेन लिहिलंय ना, मग बायका नाहीत यात. रशियाच्या प्रतिनिधीनेही हरकत घेतली होती, स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या आयोगाने पण जोर लावला (सगळं श्रेय एकट्या हंसाबेनना देणारे फॉरवर्ड दर १० डिसेंबरला फिरतात, तेवढं सरळ ते नव्हतं), पण त्या मागे हटल्या नाहीत हे खरं. शेवटी झालं 'ऑल ह्यूमन बीइंग्ज'. १० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये मतदान, ४८ बाजूने, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांमध्ये रशिया आणि त्याचे सोबती, सौदी अरेबिया, आणि त्याच वर्षी वर्णद्वेषवाल्यांचं सरकार आलेली दक्षिण आफ्रिका.

मराठीत आपण काय केलंय म्हणून या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम काढलं. "सर्व मानवी व्यक्ति जन्मतःच स्वतंत्र आहेत". व्वा, म्हटलं छान. माणूस हा शब्द टाळला ते एका परीने बरंच, कारण माणूस एकटा असला की 'गेला' आणि दहा असली की 'माणसं गेली', शिवाय आपल्याकडे बाईमाणूस वेगळं. पण पुढे वाचत गेले तर शेवटी, एकमेकांशी "बंधुत्वाच्या भावनेने" वागावे! मूळ इंग्रजीतही ब्रदरहुडच आहे, म्हणजे पुढच्या दाराने मेन घालवले आणि त्याच कलमात मागच्या दाराने भाऊ आले. हे वाचून मी एकटीच हसले, नवऱ्याने विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही.

खरं मला या बाईंचं जे काम जास्त महत्त्वाचं वाटतं ते फॉरवर्डमध्ये नसतंच. डिसेंबर १९४७ ला जिनिव्हात आयोगाने तीन गट केले, एक जाहीरनाम्याचा, एक देशांना बांधून घेणाऱ्या कराराचा आणि एक अंमलबजावणीचा. तिसऱ्याच्या अध्यक्ष हंसा मेहता. म्हणजे हक्क लिहिले, ठीक, पण ते मोडले तर माणसाने जायचं कुणाकडे? या गटात तर आंतरराष्ट्रीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत चर्चा गेली होती. आणि हे कधी, तर त्याच वर्षी आयोगाने ठरवून टाकलं होतं की आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींवर काही करायचा अधिकारच आम्हाला नाही. जगभरातून लोक पत्रं पाठवत होते, आमच्यावर असं असं झालं म्हणून, आणि ती पत्रं नुसती नोंदवून ठेवायची! मोठ्या देशांना ते सोयीचंच होतं, प्रत्येकाच्या घरात काहीतरी होतंच की, कुणाच्या वसाहती, कुणाच्या छळछावण्या, अमेरिकेत काळ्यांसाठी वेगळे नळ. ही गाडी जरा हलली ती १९६७ नंतर.

करार व्हायला १९६६ उजाडलं, लागू व्हायला १९७६. नागरी आणि राजकीय हक्कांचा जो करार आहे त्यात भारत १९७९ ला सामील झाला. पण त्याला एक जोडपत्र आहे, त्यावर सही केलेल्या देशातला साधा माणूस देशातले सगळे मार्ग संपल्यावर थेट जिनिव्हातल्या समितीकडे तक्रार करू शकतो. त्यात भारत आजपर्यंत सामील नाही. ज्या देशाच्या बाईने १९४७ ला विचारलं की तक्रार करायची कुठे, त्याच देशाच्या नागरिकाला ती खिडकी बंद. मला याचा राग येतो, खोटं कशाला बोलू.

असो. नोटीस बदलली बरं का, आता 'सहकुटुंब' आहे, काकांनी खाली माझं नाव घालून आभार पण मानलेत, वर हसणारा स्मायली. बी विंगच्या गळक्या टाकीबद्दल मी मार्चमध्ये तक्रारवहीत लिहिलं होतं, त्यापुढे मात्र अजून फक्त 'नोंद घेतली' एवढंच आहे.