विखुरलेल्या शिळांची नोंद : कोल्हापूर परिसरातील यंदाचा हंगाम

दिवाळीनंतर पाऊस थांबला, शेतांच्या वाटा वाळल्या आणि आमच्या छायाचित्रकार मंडळींचे यंदाचे काम करवीर, पन्हाळा आणि शिरोळ या तालुक्यांतील गावांमध्ये सुरू झाले. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी मनसोक्त टिपलेले आहे. यंदा मात्र आमचा भर आज मंदिर म्हणून उभ्याच नसलेल्या मंदिरांवर आहे, म्हणजे गावाच्या पारावर, विहिरीच्या पायऱ्यांत, मारुतीच्या देवळामागे आणि उसाच्या बांधावर विखुरलेल्या शिळांवर. या कामात आमचे एक मत पक्के झाले आहे. सुट्या शिळेचे निम्मे मोल ती कोठे आणि कशी पडली आहे यात असते, म्हणून तिच्यावरील कोरीव कामाआधी तिच्या जागेचे छायाचित्र घेतले पाहिजे.

त्यानुसार कामाचा क्रम बदलला आहे. गावात पोहोचल्यावर प्रथम संपूर्ण परिसराची रुंद चौकटीतील छायाचित्रे घेतली जातात, मग प्रत्येक शिळेला वहीत क्रमांक देऊन हाताने आराखडा काढला जातो आणि त्यानंतरच मोजपट्टी व रंगपट्टी शेजारी ठेवून शिळेच्या दिसणाऱ्या सर्व बाजू टिपल्या जातात. वरची कोरीव बाजू सर्वांनाच खुणावते, परंतु बांधकामाची हकीकत बहुधा मागच्या ओबडधोबड बाजूवर किंवा खालच्या खाचेत असते. खांबाच्या माथ्यावर कूस, म्हणजे सांध्यासाठी वर काढलेला दगडी खुंट, असेल तर त्यावर दुसरा घटक बसत होता हे कळते. शिळेच्या एकाच कडेला नीट घडाई असेल तर उरलेल्या बाजू भिंतीत गेलेल्या होत्या असे समजावे. चुन्याविना, केवळ घडाई आणि वजनाच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या बांधकामांत प्रत्येक सांधा दगडावरच लिहिलेला असतो.

करवीर तालुक्यातील एका गावाचे उदाहरण देतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मूर्तींची चोरी हा आपल्या भागातील खरा धोका आहे आणि उघड्यावरील कोरीव दगडांचा नेमका पत्ता जाहीर करणे मला योग्य वाटत नाही. तेथे पिंपळाच्या पारावर आमलकाचा, म्हणजे शिखराच्या माथ्यावरील आवळ्यासारख्या गोल दगडाचा, अर्धा तुकडा बसण्यासाठी ठेवलेला आहे. विहिरीच्या वरच्या पायरीला द्वारशाखेचा, म्हणजे दाराच्या बाजूच्या कोरीव उभ्या चौकटीचा, एक खंड उताणा बसवलेला आहे. मारुतीच्या देवळासमोर चंद्रशिळा, म्हणजे अर्धवर्तुळाकार पायरी, तिच्या मूळच्या कामाला, म्हणजे उंबऱ्यापुढेच, परंतु दुसऱ्या दाराशी लागलेली आहे. एकेकटे पाहिले तर हे तीन सुंदर तुकडे आहेत. आराखड्यावर एकत्र मांडल्यावर मात्र तिन्ही आजच्या मारुतीच्या देवळाभोवतीच आहेत हे ध्यानात आले आणि त्या देवळाचा उंच चौथरा नव्याने पाहण्यासारखा वाटू लागला. चौथऱ्याच्या पश्चिम बाजूस, सिमेंटच्या गिलाव्याखाली, जुन्या अधिष्ठानाच्या, म्हणजे मंदिराच्या मूळ पायथ्याच्या, थरांची एक कड हातभर उघडी आहे. आमलकाच्या वक्रतेवरून त्याचा व्यास काढता येतो आणि त्यावरून शिखर लहानसेच असावे असा माझा अंदाज आहे. गावातील कोणी तुकड्यांची जागा हलवण्याआधी ही नोंद झाली याचे मला मनापासून समाधान आहे.

द्वारशाखेच्या त्या खंडावर ललाटबिंबाचा भाग नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. दरवाजाच्या माथ्यावर मध्यभागी, म्हणजे ललाटबिंबावर, गणेश आहे, गजलक्ष्मी आहे की तीर्थंकर आहे यावरून मंदिराच्या संप्रदायाविषयी बरेच काही सांगता येते आणि आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न प्रत्येक भग्नावशेषापाशी विचारावा लागतो. यादवांआधी येथे राज्य करणाऱ्या कोल्हापूरच्या शिलाहार घराण्याने शैव आणि जैन या दोन्ही परंपरांना दाने दिली. त्यांच्यातील गंडरादित्य राजाने तर आपल्या तलावाच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (जिन) या तिघांची स्थापना केल्याची नोंद त्याच्या ताम्रपटात आहे. त्यामुळे खांब आणि पाने-फुले पाहून लगेच ‘हे शिवमंदिर’ असे लिहून टाकण्याचा मोह आवरावा, असे मी सोबत्यांना वारंवार सांगत असतो.

काळाच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. गावोगावी काळ्या दगडाच्या प्रत्येक जुन्या देवळाला हेमाडपंताचे नाव दिले जाते. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा यादवांच्या महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पाडाव सिंघण यादवाने १२१२च्या सुमारास केला होता आणि खिद्रापूरच्या दक्षिणद्वारापाशी असलेला सिंघणाचा शके ११३६चा, म्हणजे १२१३-१४चा दानलेख ही सत्ताबदलाची खूण आजही दाखवतो. मंदिर मात्र त्याआधीच्या शिलाहार काळात उभे राहिलेले आहे. म्हणून या परिसरातील सुटे खांब ओळखायचे असतील तर खिद्रापूर हीच आपली शाळा आहे. तेथील गजपीठ, म्हणजे हत्तींच्या रांगेचा पायथा, छत मध्यभागी उघडे असलेल्या स्वर्गमंडपाचे गोल, चौकोनी आणि अष्टकोनी छेदांचे खांब आणि त्यांवरील चरकावर फिरवल्यासारखी गुळगुळीत वलये डोळ्यांत बसली की बांधावर पडलेला वीतभर तुकडाही आपली ओळख सांगू लागतो. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी तेथे नेतो आणि कॅमेरा काढण्यापूर्वी एक खांब वहीत रेखाटायला लावतो.

यंदा सर्वांत मोठी प्रगती झाली ती वीरगळांच्या, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, छायाचित्रणात. रचना आपल्या परिचयाची आहे : तळाच्या चौकटीत युद्ध आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश आणि दोन बाजूंना सूर्य-चंद्र. अडचण अशी की शतकानुशतके पाऊस खाल्लेल्या या शिळांवर समोरून उजेड पडला की सगळे सपाट दिसते. त्यासाठी आम्ही आता भर दुपारीसुद्धा काळ्या चादरीची सावली धरतो, फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून शिळेच्या पृष्ठभागाशी जेमतेम दहा-पंधरा अंशांच्या कोनात धरतो आणि तो शिळेच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवतो, म्हणजे जवळची कड पांढरी फटक पडून दूरची काळोखात जात नाही. शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/११ आणि आयएसओ १०० ठेवले की भोवतालचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो. कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून फ्लॅश मात्र शिळेभोवती घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवायचा आणि प्रत्येक दिशेचे एक छायाचित्र घ्यायचे.

याचा परिणाम पाहून आमच्यातील जुने जाणतेही थक्क झाले. एका वीरगळाची तळाची चौकट दिवसाच्या उजेडात नुसता खडबडीत पट्टा दिसत होती. वरून प्रकाश दिला तेव्हा वीराच्या ढालीची गोल कड उमटली. उजवीकडून दिला तेव्हा धनुष्याची कमान दिसली. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यातून दिला तेव्हा त्या पट्ट्यात एकामागे एक उभ्या असलेल्या गाई स्पष्ट झाल्या, त्यांतील शेवटच्या गाईची मान मागे वळलेली आणि तिच्या पोटाखाली वासरू. गोधनाच्या रक्षणासाठी पडलेल्या वीराचे हे स्मारक आहे, हे त्या एका प्रकाशाने सांगितले. खडू, पीठ किंवा हळद चोळून आकृती उठवण्याची पद्धत अजूनही काही जण वापरतात, ती कृपया सोडावी. दगडाच्या छिद्रांत गेलेली पूड निघत नाही, आणि आता तिची गरजही उरलेली नाही. दगडफूलही तारेच्या घासणीने खरवडू नये. त्रिमितीय प्रतिकृती करायची असेल तर याच्या नेमका उलट प्रकाश हवा. ढगाळ दिवस, सावली नसलेला सारखा उजेड आणि लगतच्या दोन छायाचित्रांत साधारण सत्तर टक्के भाग सामायिक.

गावकऱ्यांशी बोलणे हा या कामाचा गौण भाग नाही. मोजपट्टी दिसली की पहिली शंका येते ती दगड उचलून नेण्याची. ‘आण्णा, दगड जागचा हलवायचा नाही, फक्त फोटो आणि नोंद करायची आहे,’ असे सांगून कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र दाखवले की वातावरण बदलते. एका आजोबांनी आमची धडपड पाहून सांगितले, ‘सकाळच्या पारी या, ऊन हिकडनं तिरकं येतंय, मग घोडा दिसतोय बगा.’ दुसऱ्या दिवशी सकाळी घोडा दिसला. सतीशिळेवर वाहिलेले हळदी-कुंकू आम्ही पुसत नाही. शिळेवर कोरलेल्या, बांगड्या भरलेल्या, कोपरातून वाकलेल्या त्या हाताला अजून पूजा मिळते, हीदेखील नोंदवण्याचीच गोष्ट आहे.

खरी चिंता जीर्णोद्धाराची आहे. भक्तिभावानेच, वर्गणी काढून, जुन्या पाषाणावर तैलरंग चढवला जातो, गाभाऱ्याला फरशा बसतात आणि सुटे दगड भरावात जातात. याबद्दल गावाला दोष देणे मला पटत नाही, कारण त्या दगडांचे महत्त्व त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. आम्ही आता प्रत्येक गावाला छापील छायाचित्रांचा एक संच ग्रामपंचायतीत लावण्यासाठी देतो. करवीर तालुक्यातील बीड येथे, जेथे पावसाळ्यात मातीतून जुनी सोन्याची नाणी मिळाल्याच्या बातम्या आपण वाचतो, आपल्या गावाच्या प्राचीनतेचा अभिमान घरोघरी आहे. तशी जाणीव इतरत्रही रुजू शकते.

उन्हाच्या दिशेचा अभ्यास पुढील नियोजनासाठी फार उपयोगी ठरत आहे. थंडीत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने पूर्वाभिमुख मंदिराच्या दक्षिण भिंतीवर उगवतीला आणि मावळतीला तिरके ऊन मिळते, म्हणून त्या बाजूंची कामे जानेवारीअखेर संपवत आहोत. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवल्याचा आणि गुऱ्हाळांचा धूर हवेत असतो, त्यामुळे दूरची दृश्ये धूसर होतात, पण जवळच्या शिळांना तो उजेड मऊ आणि उपकारक असतो.

उत्तर भिंत मात्र वर्षातील बहुतेक दुपारी सावलीत राहते, आणि मकरप्रणाल, म्हणजे गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी बाहेर सोडणारी मगरमुखी पन्हळ, बहुधा त्याच बाजूला असतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर तो किंचित उत्तरेकडे सरकतो. त्या दिवसांत दुपारचे ऊन उत्तर भिंतीवरून वरून खाली घसरत उतरते. मृगाचे ढग येईपर्यंत जेमतेम महिनाभर ही संधी असते. त्याच सुमारास गगनबावडा तालुक्यातील पळसंबे येथील ओढ्याचे पाणीही उतरलेले असते आणि अखंड शिळांत कोरलेल्या तेथील छोट्या मंदिरांच्या तळापर्यंत पोहोचता येते. म्हणून मेचा दुसरा आठवडा दोन्ही कामांसाठी राखून ठेवला आहे : सकाळी पळसंबे, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी करवीरच्या त्या गावातील चौथऱ्याची उत्तर बाजू. ज्यांच्याकडे दुसरा फ्लॅश आणि मोठी काळी चादर असेल त्यांनी ती सोबत आणावी.