तुम्ही विचारलंत म्हणून: गळ्यातली ती पट्टी

कोल्हापुरात राजारामपुरीत भाजी घेताना, महाद्वार रोडला बांगड्या भरताना, लग्नात जेवणाच्या रांगेत उभी असताना एकच प्रश्न येतो. "वहिनी, गळ्यातलं ते क्रोशाचं कुठनं घेतलं? पॅटर्न द्या की." मी "देते हं" म्हणते आणि देत नाही. काही जणींना वाटतं, मी पॅटर्न लपवून ठेवते. पॅटर्न नव्हे, मी दुसरंच काहीतरी लपवत होते.

२०२२ च्या जूनमध्ये मला टीबी झाला. फुप्फुसाचा नाही, मानेतल्या गाठींचा. डाव्या कानाखाली आधी बोराएवढी एक गाठ आली, मग तिच्या शेजारी दुसरी. सुई घालून तपासणी झाली, छातीचा एक्सरे स्वच्छ आला आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्या निम्म्या नातेवाइकांना हे आज इथे कळतंय. त्यांना मी कावीळ झाल्याचं सांगितलं होतं.

पट्टी केली ती गाठ झाकायला. ओढणीनं भागलं नसतं का? भागलं असतं. पण घरात चोवीस तास गळ्याभोवती ओढणी गुंडाळून बसलेल्या बाईला दारात आलेला प्रत्येक जण "काय झालं?" विचारतो. क्रोशाची पट्टी घातली की "किती छान!" म्हणतात. मला तेवढंच हवं होतं.

लोकरीची का नाही, असंही विचारतात. कपाटात गुंडे होते, पण ते ॲक्रिलिकचे. आमच्याकडच्या पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, त्यात ते गळ्याला घामानं चिकटायचं. मग आईच्या जुन्या घोंगडीचे काठाचे धागे काढून पाहिले. दख्खनी मेंढीची लोकर ती, अंगावर घ्यायला उबदार, पण गाठीवरच्या ताणलेल्या कातडीला काट्यासारखी टोचली. शेवटी दारासाठी करायला घेतलेलं तोरण अर्धवट पडलं होतं, ते उसवलं. लाल, हिरवा आणि पांढरा सुती दोरा मिळाला. जुना हूक गंजला होता. धाकटा भाऊ उद्यमनगरात लेथवर काम करतो. त्यानं पितळी सळईचा अडीच मिलिमीटरचा हूक करून आणला. खाच कानशीनं घासली होती, दोरा कुठे अडकू नये म्हणून टोक पॉलिश केलं होतं. माझ्या कॉटवर बसून त्यानं स्वतः चार साखळ्या घालून पाहिल्या.

"पट्टीतले जोडलेले तुकडे लहान-मोठे मुद्दाम केलेत का?" नाही. पहिले दोन महिने चार औषधं असतात, त्यातल्या पायराझिनामाइडनं माझे सांधे धरले. पाच ओळी झाल्या की बोटं मिटेनात. म्हणून एक तुकडा पाच ओळींचा. दोन महिन्यांनी ते औषध बंद झालं, बोटं मोकळी झाली, हात घट्ट चालायला लागला आणि पुढचे तुकडे आखूड, आवळलेले आले. लाल-हिरवा शेजारी शेजारी का, तर त्या चारातल्याच इथॅम्ब्युटॉल या औषधानं नजरेवर परिणाम होऊ शकतो. लाल-हिरवा ओळखण्यात फरक वाटला तर लगेच यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी रोज सकाळी दोन्ही गुंडे खिडकीत ठेवून बघायची. लाल लाल दिसला की त्या दिवशीचा तुकडा सुरू.

आणि "विणकामानं बरी झालीस" असं कृपा करून म्हणू नका. मला गोळ्यांनी बरं केलं. सहा महिने, एकही दिवस न चुकवता. विणकामानं दुपार सरायची, एवढंच.

आता ते सांगते, ज्याच्यामुळे हे लिहायला तीन वर्षं गेली.

सप्टेंबरात भावाला मुलगी झाली. मी आत्या. कानात कुर्र करून नाव सांगायचं ते आत्यानं. बोटं नुकतीच सुटली होती, त्याच पितळी हुकानं मी बाळाला टोपरं केलं. पांढरं, लाल काठाचं, कानावर झाकण येईल असं. दहा दिवस लागले. माझा आजार गाठींचा आहे, छातीत काही नाही, कपड्यांतून, भांड्यांतून, हात लावण्यातून टीबी पसरत नाही, हे भावाच्या घरी माहीत होतं. मीच सांगितलं होतं, डॉक्टरांनीही भावाला समोर बसवून सांगितलं होतं.

बारशाला पाळणा सजला. मी पुढे झाले तर वहिनीची आई म्हणाली, "बसा की ताई, दमला असाल." आवाजात राग नव्हता. खुर्ची पुढे केली, ती पाळण्यापासून लांब, खिडकीजवळ. चुलत बहिणीला हाक मारली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव मीच सुचवलेलं होतं. भाऊ पाळण्याची दोरी धरून उभा होता. त्यानं मान वर केली नाही. टोपरं माझ्या मांडीवर पिशवीत होतं, ते पिशवीसकट कुणीतरी घेऊन आत ठेवलं. मी जेवून आले. श्रीखंडाची चव आठवत नाही, पण खुर्चीचा एक पाय हलत होता ते आठवतंय.

आठवड्यानं डिंकाचे लाडू द्यायला गेले तर गॅलरीत दोरीवर टोपरं. लाल काठ उतरून सगळं फिकट गुलाबी झालेलं. वहिनी म्हणाली, "ताई, तीन वेळा उकळत्या पाण्यातनं काढलंय. आता घालता येईल." ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती. ते बाळाच्या डोक्यावर मी कधीच पाहिलं नाही.

मी भांडायला हवं होतं, असं कधी वाटतं. पण त्या वेळची मी मला विचारते, तू कुणाला शिकवणार? डॉक्टर गरज नाही म्हणत असताना स्वतःचं ताट-वाटी तूच वेगळी ठेवली होतीस. कावीळ सांगत फिरत होतीस. गाठ झाकायला पट्टी केलीस. बारा दिवसांच्या बाळाची आई घाबरली तर ती तरी काय चुकली? यावर मी उत्तर देते की मी स्वतःला वेगळं ठेवणं आणि माझ्या भावानं मान खाली घालणं एक नाही. मग पुन्हा वाटतं, एकच आहे. वहिनीशी मी बोलते, मुलीशी खेळते, ती आता मला आत्ती म्हणते. भावाशी त्या दिवसाबद्दल अजून बोलले नाही. हूक माझ्याकडेच आहे.

पॅटर्न घ्या लिहून. १४ साखळ्या. हुकापासून चौथ्या साखळीत पहिला खांब, पुढे प्रत्येक साखळीत एक. सुरुवातीच्या तीन साखळ्या धरून १२ खांब. अशा पाच ओळी म्हणजे एक तुकडा, साधारण साडेचार सेंटिमीटरचा. नऊ तुकडे करा, मुक्या खांबांनी एकापुढे एक जोडा, लाल-हिरवा शेजारी येऊ द्या. दोरा आधी मिठाच्या पाण्यातून काढून बघा, रंग जातो का. एका टोकाला सात साखळ्यांचा फास, दुसऱ्याला बटण. माझं बटण उजवीकडे आहे, कारण गाठ डावीकडे होती. तुम्ही कुठेही लावा.