दहा मिनिटांचा फोटो

३० सप्टेंबर २०२३. शनिवार होता, पण महिन्यातला पाचवा, त्यामुळं बँकेला सुट्टी नाही. त्यात सहामाही क्लोजिंग, आणि त्यात दोन हजारांच्या नोटा बदलून घ्यायचा शेवटचा दिवस. शटर वर जायच्या आधीच पायरीवर वीस-पंचवीस माणसं उभी. एका आजोबांनी बायकोच्या लुगड्याच्या घडीत सापडलेल्या तीन नोटा आणल्या होत्या. ती जाऊन वर्ष झालं, ट्रंक आत्ता उघडली, म्हणाले. एरवी मी त्यांच्याशी दोन शब्द बोलले असते. पण पावणेअकराला फोन थरथरला आणि नंतर दिवसभर मी कोणाशीच धड बोलले नाही.

मेसेंजरवर एकच ओळ होती. "तुम्हीच सांगितलंत ना?" खाली एक फोटो.

मी सांगलीत एका बँकेत अधिकारी आहे. ही माझी पगाराची नोकरी. बिनपगारी नोकरी रात्री जेवणं आवरल्यावर सुरू होते. फेसबुकवर बायकांचा एक मोठा मराठी ग्रुप आहे, त्याच्या सात मॉडरेटरांपैकी मी एक. भांडणं सोडवायची, जाहिराती उडवायच्या, कोणी कोणाच्या सुनेवर घसरलं तर थांबवायचं. आमच्यात वैशाल्या तीन झाल्या, तेव्हापासून आम्ही एकमेकींना गावाच्या नावानं हाका मारतो. डोंबिवली ॲडमिन. नागपूर वकील. नाशिक सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामसू. मी सांगली.

ग्रुपवर निनावी लिहायची सोय आहे. नाव झाकलं जातं, पण फक्त सदस्यांपुरतं. पोस्ट मंजुरीसाठी आमच्यापुढं येते तेव्हा लिहिणारीचं नाव आम्हाला दिसतं. फेसबुक हे सांगतं, लपवत नाही. पण रात्री साडेअकराला रडत रडत टाईप करणारी बाई असल्या सूचना वाचत बसत नाही. तिला वाटतं, आपण अंधारात बोलतोय. त्या अंधारात आम्ही सातजणी बसलेल्या असतो.

फोटोत अशीच एक निनावी पोस्ट होती, मेसेज करणारीचीच, मंजुरीच्या रांगेतली. वर तिचं नाव, खाली तिनं लिहिलेलं सगळं. हा फोटो तिच्या सासरच्या माणसांपर्यंत पोचला होता. ती कोण, कुठली, तिनं काय लिहिलं होतं, ते मी इथंही सांगणार नाही. सांगितलं तर गोष्ट जास्त रंगेल, ठाऊक आहे.

मी "नाही हो, मी नाही" एवढं उत्तर दिलं आणि पुन्हा नोटा मोजायला लागले. तो "मी नाही" मला अजून टोचतो.

जेवणाच्या सुट्टीत जिन्यात उभी राहून सगळ्यांना ग्रुप कॉलवर घेतलं. मूळ फोटो कुठून आला याबद्दल वाद नव्हताच. दहा दिवसांपूर्वी नाशिकनं ती पोस्ट मंजूर करावी की नाही हे विचारायला स्क्रीनशॉट काढून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. नावासकट. डोंबिवली लगेच ओरडली, "अगं नाव काप!" आणि दहाएक मिनिटांत नाशिकनं तो सगळ्यांसाठी डिलीट केला. मी तेव्हा बँकेत होते. संध्याकाळी उघडलं तर तिथं नुसतं 'हा मेसेज डिलीट करण्यात आला' असं दिसलं. म्हणजे तो फोटो मी कधी बघितलाच नव्हता.

मग मी जे बोलले ते असं. फोटोतली बटणं मराठीत आहेत. मराठीत फोन फक्त नाशिकचा आहे. आपल्याकडचा फोटो तर डिलीट झाला. मग राहिला कोणाकडं?

बँकेत तपासणी करतात तसं एकाखाली एक मांडलं. बोलताना स्वतःचंच कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

नाशिक म्हणाली, "टाकायची चूक माझी. पुढं मी कोणालाही पाठवलेला नाही. ताई, तुम्ही तरी असं बोलू नका." ताई म्हणजे मी. नागपूर म्हणाली, कायद्यानं आपल्याला भीती नाही. २०२१ मध्ये तिच्याच गावच्या खंडपीठानं सांगितलंय की, ग्रुपवर दुसऱ्या कोणी काही लिहिलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तिचं बरोबर होतं. पण तो निकाल दुसऱ्याच्या लिहिण्याबद्दल होता. इथं प्रश्न आम्हाला काय माहीत होतं आणि आम्ही ते कसं सांभाळलं, हा होता. त्याच ऑगस्टमध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला होता, त्याचंही नाव कोणीतरी घेतलं. त्या कायद्यात माणसानं घरगुती, खाजगी कारणासाठी केलेला वापर वगळलेला आहे. आमचं काम घरगुती म्हणायचं की काय म्हणायचं, यावर दोघी बोलत राहिल्या. मला काऊंटरवर परत जायचं होतं.

दीड वाजता डोंबिवलीनं नाशिकला मॉडरेटर पदावरून काढलं. "सगळ्यांची हो ना?" असं विचारलं, मी अंगठा पाठवला.

दिवस संपता संपता कळलं की नोटा बदलायची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. दिवसभर उन्हात उभ्या राहिलेल्या माणसांना हे आता कोण सांगणार! कॅशियर खुर्चीत मागं रेलून नुसता हसत होता. क्लोजिंग आटपून घरी पोचायला नऊ वाजले.

जेवताना तो फोटो पुन्हा उघडला. मला तिला नीट उत्तर लिहायचं होतं. 'दोषी सापडली, कारवाई केली' असं काहीतरी. सकाळी घाईत, लहान पडद्यावर, चार हातांतून फिरून धूसर झालेला फोटो मी स्क्रीनशॉटच समजले होते. आता मोठा करून बघितला तर त्यावर बारीक लाटा होत्या. पडद्याचा फोटो फोननं काढला की येतात तशा. म्हणजे हा स्क्रीनशॉट नव्हता. दुसऱ्या कशावर तरी उघडलेल्या स्क्रीनशॉटचा कोणीतरी फोटो काढला होता. कडेला काळी चौकट दिसत होती, आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात तडा, तड्यावर पिवळट पडलेली चिकटपट्टी.

ती चिकटपट्टी मीच लावली होती.

हातातला घास तसाच ठेवून हॉलमध्ये गेले. आमचा जुना टॅब टीव्हीशेजारी असतो. मुलगा त्यावर गेम खेळतो, सासूबाई कीर्तनं ऐकतात. त्यात माझंच गूगल खातं आहे. फोटो उघडले, दहा दिवस मागं गेले. बँकेतल्या कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक, सिलिंडरची पावती, आणि मधे ती पोस्ट. व्हॉट्सॲपवर येणारा प्रत्येक फोटो माझा फोन आपोआप उतरवून घेत होता आणि लगोलग गूगल फोटोजवर चढवत होता. मोबाईल डेटावरसुद्धा चढवायची परवानगी मीच कधीतरी दिली असणार. नाशिकनं डिलीट केल्यावर फोनमधला गेला. वर चढलेला तिथंच राहिला. त्याला दहा मिनिटं पुरली होती.

आदल्या आठवड्यातल्या शुक्रवारी गौरी जेवायच्या होत्या. बायका आल्या तेव्हा कोणीतरी म्हणालं, मागच्या वर्षीची आरास काय सुंदर होती. थोरल्या जाऊबाईंनी टॅब घेतला आणि फोटो मागं सारत सारत दाखवायला लागल्या. मी आत पुरणपोळ्या लाटत होते.

फोन केला. "ताई, त्या दिवशी टॅबवर..." एवढंच बोलले तर म्हणाल्या, "हो गं, ती आमच्या माहेरच्या ओळखीतली निघाली! मी फक्त एकीलाच पाठवलं. तिच्या काळजीपोटीच."

खरंच काळजी असेल. माझा त्यांच्यावर राग नव्हता असं नाही, पण रागवायला तोंड नव्हतं.

बँकेच्या परीक्षांचा अभ्यास केलेल्या प्रत्येकाला १९२४ चा लंडनचा टूर्नियर खटला पाठ असतो. मीही जेएआयआयबीला चार अपवाद घोकले होते: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हित, बँकेचं स्वतःचं हित, ग्राहकाची संमती. एवढे सोडून ग्राहकाची माहिती बाहेर काढायची नाही. पण खटला मुळात कशावरून झाला ते परीक्षेत कोणी विचारत नाही. एका ग्राहकाकडं बँकेचे दहा पौंडांच्या आतले पैसे राहिले होते. मॅनेजरनं त्याच्या मालकाला फोन केला तो फक्त घरचा पत्ता विचारायला. बोलता बोलता पैसे थकलेत हे निघालं, त्याचा एक धनादेश सट्टेवाल्याकडं गेला तेही निघालं. त्या माणसाची नोकरी पुढं टिकली नाही. मॅनेजरचं त्याच्याशी वैर नव्हतं. त्याला पत्ता हवा होता. जाऊबाईंना आरास दाखवायची होती. नाशिकला सल्ला हवा होता. मला टॅबवर मुलाचे फोटो आपोआप यायला हवे होते. आणि आम्ही सातजणी अख्खी दुपार फितूर शोधत होतो.

बँकेत रुजू होताना मी गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही केली होती. ग्रुपवर कोणी कधी कसली सही केली नाही. मैत्रिणी होतो ना, मैत्रिणींकडून सह्या काय घ्यायच्या?

पोस्ट लिहिणारीला मी रात्रीच फोन लावला. उचलेल असं वाटलं नव्हतं. सांगितलं, "सकाळी मी नाही म्हणाले, ते खोटं निघालं. फोटो माझ्या घरातून गेला." कसा ते सांगितलं. गूगल, टॅब, गौरी. सांगताना लक्षात आलं की एवढा तपशील मी माझ्याच सुटकेसाठी देतेय. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आता अजून कोणाकोणाकडं आहे?"

मला माहीत नव्हतं.

पुढचे चार दिवस मी तेच केलं. सोमवारी गांधी जयंतीची सुट्टी होती, तीही त्यातच गेली. जाऊबाईंनी जिला पाठवला ती, तिनं जिला पाठवला ती. "वहिनी, एक विनंती आहे" असं म्हणून एकेकीला फोन. चारजणींपर्यंत पोचले. तिघींनी माझ्यासमोर डिलीट केला, चौथी म्हणाली केला. पाचवी आहे की नाही, देव जाणे. पोस्ट लिहिणारीच्या घरी पुढं काय झालं ते मला थोडंफार माहीत आहे, आणि ते माझ्यापाशीच राहील.

मॉडरेटरांच्या ग्रुपवर लिहायला मात्र दुसरा दिवस उजाडला. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. शेवटी तीन ओळी पाठवल्या: फोटो माझ्याकडून फुटला, नाशिकचा त्यात हात नाही, मी पद सोडतेय. डोंबिवलीनं पद सोडू दिलं नाही. "आता तुलाच सगळ्यात जास्त अक्कल आली आहे," म्हणाली. हे कौतुक की शिक्षा, मला अजून उलगडलेलं नाही.

मराठी विकिपीडियावर लिहिणारे एक स्नेही आहेत. त्यांना हे सगळं, नावं वगळून, सांगितलं तेव्हा ते म्हणाले, आमच्याकडंही सगळे विनामोबदलाच. पण संपादकांची तांत्रिक माहिती बघायचा अधिकार ज्यांना मिळतो त्यांना आधी विकिमीडियाच्या गोपनीयता करारावर सही करावी लागते. कोणी कोणाची माहिती तपासली याची नोंद राहते. आणि एखाद्या भाषेच्या विकिपीडियाला स्वतःचे तपासनीस ठेवायचे तर किमान दोन लागतात, एकटा एक चालत नाही, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर लक्ष राहतं. ऐकताना आधी मला हा अविश्वासच वाटला. नंतर वाटलं, असं काही असतं तर त्या दुपारी मला नाशिकवर आरोप करावा लागला नसता. नोंद बघितली असती आणि गप्प बसले असते.

आता आमच्याकडं निनावी पोस्ट दोघीच बघतात. बाकीच्यांना विचारायचं तर मजकूर आपल्या शब्दांत सांगायचा, स्क्रीनशॉट काढायचा नाही. व्हॉट्सॲपवरचे मेसेज चोवीस तासांत आपोआप जातात. सह्यांचा विषय डोंबिवलीनं दोनदा काढला, दोन्ही वेळा चर्चा भलतीकडंच गेली.

नाशिकला मी फोन केला, उचलला नाही. मेसेज केला, 'माफ कर' म्हणून. डोंबिवलीनं परत ये म्हटलं, तरीही ती आली नाही. दिवाळीत तिचा मेसेज आला, सगळ्यांना पाठवतात तसला, पणतीचं चित्र असलेला. खाली वेगळी ओळ होती: "ताई, फोन अजून मराठीतच आहे." मी बराच वेळ बघत बसले. काय उत्तर द्यावं सुचेना, मग पणतीचं चित्र पाठवलं.

टॅबमधून माझं खातं काढून टाकलं. त्याबरोबर त्यावर दिसणारे गौरींचे, बारशांचे, सहलींचे फोटोही गेले. पुढच्या वर्षी गौरी जेवायच्या दिवशी जाऊबाईंनी चार बायकांसमोर विचारलं, "अगं, तो टॅब कुठाय? मागची आरास दाखवू यांना."

मी म्हटलं, "बिघडलाय, ताई." टॅब मागच्या खोलीत होता, त्यावर सासूबाईंचं कीर्तन चालू होतं. आवाज बाहेरपर्यंत येत होता.