साटा, मोहन आणि ट्रान्स फॅट

चिरोट्याच्या पोळ्यांना लावायच्या साट्यात तूप थिजलेलंच लागतं. पातळ तूप पोळीत मुरतं, पोळ्या एकमेकींना चिकटतात आणि तळताना पदर सुटत नाहीत. खारीचंही तेच. हा घट्टपणा स्वस्तात मिळतो म्हणून वनस्पती तूप आपल्या स्वयंपाकघरांत आणि बेकऱ्यांत शिरलं, आणि त्याच्याबरोबर ट्रान्स फॅटही आलं. त्यामुळे या विषयावर ‘तेलकट कमी खा’ एवढं सांगून भागत नाही. घट्ट फॅट कुठे खरोखर लागतं आणि कुठे नुसत्या सवयीने वापरलं जातं, ते आधी पाहायला हवं.

तेलाचा रेणू म्हणजे मुख्यतः कार्बनच्या लांब साखळ्या. साखळीत जिथे दुहेरी बंध असतो तिथे तिला बाक येतो. बाकदार साखळ्या एकमेकींना लागून नीट रचता येत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. वनस्पती तूप बनवताना निकेलच्या भुकटीबरोबर तेल तापवून त्यात दाबाखाली हायड्रोजन सोडला की काही दुहेरी बंध भरले जातात. काही भरले जात नाहीत, पण उलटे फिरून बसतात आणि तिथला बाक जातो. हेच ट्रान्स फॅट. फरक केवढा पडतो पाहा: शेंगदाणा तेलात भरपूर असलेलं ओलिइक आम्ल साधारण १३ अंश सेल्सिअसला वितळतं. तेच अणू, तेवढेच अणू, फक्त एक बंध उलटा असलेलं इलाइडिक आम्ल वितळायला ४४ अंशांच्या आसपास तापमान लागतं. आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. वनस्पती तुपातली शंकरपाळी खाल्ल्यावर टाळूला जो मेणचट थर बसायचा, त्याचं एक कारण हे.

इथे एक बारकावा आहे. हायड्रोजन पूर्ण भरला तर ट्रान्स फॅट जवळपास उरतच नाही. सगळं संपृक्त (सॅच्युरेटेड) होतं, म्हणजे दुहेरी बंधच उरत नाहीत, आणि मेणबत्तीसारखं टणक बनतं. लोण्यासारखं मऊ हवं म्हणून प्रक्रिया अर्ध्यावर थांबवायची, आणि गडबड तिथेच होते. लेबलवर ‘पार्शियली हायड्रोजनेटेड’ हे शब्द शोधायचे ते यासाठी.

भारतात डालडा आला १९३७ साली. नाव एका कंपनीच्या मालाचं, पण पुढे कुठल्याही वनस्पती तुपाला आपण डालडाच म्हणू लागलो. साजूक तुपात त्याची भेसळ पकडता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालायची सक्ती सरकारने केली. प्रयोगशाळेत तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखर घालून हलवलं की तिळाच्या तेलामुळे गुलाबी रंग येतो. ही चाचणी घरी करू नका, ते आम्ल हात भाजून काढतं. शिवाय तीळतेल नसलेलं दुसरं फॅट मिसळलेलं असेल तर रंग येणारच नाही आणि तूप शुद्ध आहे असा उगाच समज होईल.

शरीरात काय होतं? संपृक्त फॅट एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं, पण बरोबर थोडं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, तेही वाढवतं. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल खाली आणतं. नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० साली हे आहारावर नियंत्रण ठेवून केलेल्या प्रयोगात दाखवलं. भरीला रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचं काम बिघडतं आणि शरीरातला दाह वाढतो. रोजच्या ऊर्जेतला २ टक्के वाटा ट्रान्स फॅटचा झाला तर हृदयविकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून २००६ साली मांडलं गेलं. २००० कॅलरींच्या आहारात हे २ टक्के म्हणजे ४० कॅलरी, जेमतेम साडेचार ग्रॅम. चहाचा एक चमचा! इतक्या थोड्या प्रमाणात इतकं नुकसान करणारं दुसरं फॅट आपल्या ताटात नाही. आणि शरीराला त्याची गरज शून्य आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ऊर्जेच्या १ टक्क्याहून कमी, म्हणजे दिवसाला साधारण २.२ ग्रॅम. हा आकडा लक्षात ठेवून आपल्याकडचे नियम पाहा. २०११ साली वनस्पती तुपात १० टक्क्यांपर्यंत ट्रान्स फॅट चालत होतं. मग ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. ही शेवटची मर्यादा तयार पदार्थांतल्या तेला-तुपालाही लागू झाली. समजा १०० ग्रॅम खारीत ३० ग्रॅम फॅट आहे. १० टक्क्यांच्या काळात त्यात ३ ग्रॅम ट्रान्स फॅट निघू शकलं असतं, म्हणजे दिवसाची मर्यादा चहाबरोबरच ओलांडली. आज नियम पाळला असेल तर ०.६ ग्रॅमच्या आत. हा मोठा फरक आहे आणि तो मोकळेपणाने मान्य करायला हवा.

‘नियम पाळला असेल तर’ हे शब्द मात्र महत्त्वाचे. पाकिटावर आकडा छापावा लागतो, सुट्या खारीवर, टोस्टवर, क्रीमरोलवर काहीच छापलेलं नसतं. बेकरीत सरळ विचारा की कोणतं फॅट वापरता, आणि डबा किंवा खोकं बघायला मागा. त्यावर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक आणि ट्रान्स फॅटचं प्रमाण असायला हवं. जो बेकरीवाला नीट माल वापरतो तो दाखवायला कचरत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

पाकिटाच्या बाबतीत आता नजर संपृक्त फॅटच्या ओळीकडे वळवा. ‘ट्रान्स फॅट फ्री’ म्हणायला १०० ग्रॅम पदार्थात ०.२ ग्रॅमपेक्षा कमी ट्रान्स फॅट असावं लागतं, पण त्याची जागा कशाने घेतली ते त्या शिक्क्यावरून कळत नाही. बहुतेक ठिकाणी पामतेलाचा घट्ट भाग किंवा ‘इंटरएस्टरिफाइड’ (रेणूंमधल्या साखळ्यांची अदलाबदल करून घट्ट केलेलं) फॅट असतं. ट्रान्सपेक्षा नक्कीच बरं, पण संपृक्त फॅट त्यात भरपूर. लेबलचे टक्के दिवसाला २२ ग्रॅम संपृक्त फॅट धरून काढलेले असतात. १०० ग्रॅममागे १२-१४ ग्रॅम दिसलं तर चार बिस्किटांवर थांबायचं.

साजूक तुपातही थोडं ट्रान्स फॅट असतं. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, आणि दुधाच्या फॅटमध्ये त्याचं प्रमाण २ ते ५ टक्के असतं. दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम तुपात अर्ध्या ग्रॅमच्या आतच. वरणभातावरच्या तुपाची धास्ती घेऊ नका. फक्त २.२ ग्रॅमच्या हिशेबात तेही धरतात, हे माहीत असू द्या.

आता फराळ. चकली, शेव, कडबोळी, करंजीची पारी यांना मोहन लागतं ते पिठाच्या कणांना फॅटचं आवरण बसून पीठ चिवट होऊ नये म्हणून. हे काम साधं शेंगदाणा तेल उत्तम करतं, घट्ट फॅटची गरजच नाही. २५० ग्रॅम रवा-मैद्याला ३ टेबलस्पून तेल कडकडीत तापवून घाला, चोळा आणि मूठ वळा. मुटका वळला आणि बोटाने टोचल्यावर मोडला की मोहन बरोबर. चकली तेलात विरघळायला लागली तर मोहन जास्त झालंय, उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मळून घ्या. शंकरपाळ्यांत वाटीभर वनस्पतीऐवजी अर्धी वाटी तूप आणि पाव वाटी तेल पुरतं.

चिरोट्याला मात्र पर्याय नाही, साटा घट्टच हवा. २५० ग्रॅम मैद्याला ४ टेबलस्पून थिजलेलं साजूक तूप आणि ३ टेबलस्पून तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घ्या. तळहाताने फेसा, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. थेंबभर साटा पाण्यात टाकला की तरंगला पाहिजे. बुडला तर अजून फेसायचा. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात साटा सैल पडतो, तेव्हा तो आणि गुंडाळी केलेल्या पोळ्या दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. वनस्पतीला लोक चिकटून राहतात ते ती उन्हातही घट्ट राहते म्हणून, आणि त्यावर फ्रिज हा उपाय पुरेसा आहे. चिरोटा मंद आचेवर तळा आणि झाऱ्याने वरून तेल सोडत राहा. आच मोठी झाली तर बाहेरून लाल होतो आणि आतले पदर कच्चे राहतात.

तळणीच्या तेलाबद्दल एक गैरसमज पसरलाय, की तेल दुसऱ्यांदा तापवलं की त्यात ट्रान्स फॅट भरतं. घरच्या १७०-१८० अंशांच्या तळणीत ते फार थोडं तयार होतं. तरीही तेच तेल पुनःपुन्हा तळणीला नको, कारण वेगळंच आहे. पदार्थातलं पाणी, हवा आणि तळाशी जळणारे कण यांनी तेल तुटतं आणि घातक संयुगं साठतात. व्यावसायिक तळणीसाठी अशा ‘टोटल पोलर कंपाउंड्स’वर २५ टक्क्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून आहे. घरी मोजायला यंत्र लागत नाही: तेल दाट झालं, फेस बसेना, नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला की ते टाकायचं. चांगलं असेल तर फडक्यातून गाळून, लोखंडी कढईत न ठेवता बरणीत भरून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. नव्या तेलात जुनं मिसळू नका, नवंही लवकर बिघडतं. टाकायचं तेल गार करून बाटलीत भरा, मोरीत ओतलं तर नळी तुंबते. काही शहरांत बायोडिझेलसाठी असं तेल गोळा करणारे आहेत, सोसायटीने एकत्र साठवलं तर ते घेऊन जातात.