शाळेमागच्या दहा गुंठ्यांसाठी निधी कसा जमला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक आहे. पहिली ते आठवी, पट 84. शाळेमागे दहा गुंठे काळी जमीन. मी रुजू झालो तेव्हा तिथे गाजरगवत माजलं होतं आणि गावातली ढोरं बसायची. आमची जवळपास सगळी मुलं कापूस, सोयाबीन, तूर पिकवणाऱ्या घरांतली. त्यांना या जागेवर शेती शास्त्र म्हणून शिकवायची, हे मी पहिल्याच महिन्यात ठरवलं. पैसा उभा करण्यात पुढची अडीच वर्षं गेली. असंच काही करू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी ती हकिगत लिहितोय.

माझी पहिली चूक म्हणजे मी ‘शेती शिक्षण’ या नावाचं अनुदान शोधत बसलो. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेत कृषी हा विषय नववीपासून व्यवसाय शिक्षणात आहे, पण आमची शाळा आठवीला संपते. आमच्या हाती येतं ते संयुक्त शाळा अनुदान. 31 ते 100 पटाला वर्षाला 25,000 रुपये, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेला. उरलेल्यातून वीजबिल, खडू, दुरुस्ती. पोषण आहारातून परसबागेसाठी 5,000 रुपयांपर्यंत मिळू शकतात. त्यात बियाणं, खुरपी, झाऱ्या येतात, कुंपण येत नाही. आणि रोही (नीलगाय) नि रानडुकरांच्या या भागात कुंपणाशिवाय मेथीची एक जुडी हाती लागत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवला. सातवीतल्या एका मुलीची आई उठली. “सर, वावरातलं काम तं आमी घरीच शिकवतो. शायेत कायले पाहिजे? आमचं आयुष्य वावरात गेलं, पोरीचं तसं नोको व्हाले.” त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती माउली चुकीचं बोलत नव्हती. 1937 साली इथून जवळच वर्ध्याला नई तालीमची परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला, हे मी डी.एड.ला पाठ केलं होतं. पण जिच्या हातांना आयुष्यभर कामच पडलं, तिला हे कसं सांगायचं?

उत्तर मे महिन्यात मिळालं, आणि त्याला एक रुपया लागला नाही. कृषी सहायकांकडून घरच्या सोयाबीनची उगवण चाचणी शिकून घेतली. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलोची नेहमीची पेरणी चालते. कमी आले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी असले तर बदलायचं. सुटी असूनही सातवी-आठवीची मुलं यायची. त्या मुलीच्या घरच्या बियाण्याचे 52 कोंब निघाले. तिने पुन्हा मोजले. तेवढेच. ती वही घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते बियाणं पेरलं असतं तर दुबार पेरणीची पाळी आली असती, हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

ती वही पुढे माझ्या प्रस्तावाचा सर्वांत वजनदार कागद ठरली.

जिल्ह्यात कारखाना असलेल्या एका कंपनीकडे मी आधी सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी, अर्ज केला होता. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्या यादीत आहे. माझा अर्ज परत आला. कारणं दोन. कंपनी ज्या संस्थेमार्फत काम करवून घेते तिची सीएसआर-1 ही सरकारी नोंदणी लागते, ती आमच्या समितीकडे नव्हती. दुसरं, सातबाऱ्यावर शाळेचं नावच नव्हतं.

पहिल्याचा मार्ग तिथल्याच अधिकाऱ्यांनी सुचवला. रक्कम मागू नका, वस्तू मागा. कंपनी स्वतः खरेदी करून स्वतः बसवते तेव्हा मधली संस्था लागत नाही. अर्ज बदलला: जाळी इतके मीटर, खांब इतके, एक फाटक.

सातबाऱ्याने मात्र रडवलं. जमीन गावातल्या एका शेतकऱ्याने माझ्या जन्माआधी शाळेला दिली होती, पण फेरफार झालाच नव्हता. त्यांच्या घरी गेलो. थोरल्या सुनेने, आता त्याही आजी झाल्या आहेत, माळ्यावरची लोखंडी पेटी काढायला लावली. लुगड्याच्या घडीत, डांबर गोळ्यांच्या वासात, नोंदणी केलेलं बक्षीसपत्र निघालं. घडीच्या रेषेवर कागद फाटला होता, पण दस्त क्रमांक नि शिक्का शाबूत. त्यावरून दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल काढली, तलाठ्याकडे अर्ज दिला, वारसांना नोटिसा निघाल्या, कुणी हरकत घेतली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. लिहायला चार ओळी लागल्या, प्रत्यक्षात सात महिने. तुमच्या शाळेची जमीन दानाची असेल तर आजच सातबारा काढून बघा, बाकी सगळं नंतर.

पाण्यासाठी ग्रामपंचायत. तेव्हाच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत साठ टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच, आणि त्यातला अर्धा पिण्याचं पाणी, पाऊसपाणी साठवण यांसाठी होता. म्हणून मागणी ‘शेतीला पाणी’ अशी न लिहिता ‘शाळेच्या छतावरचं पाऊसपाणी साठवण’ अशी लिहिली, आणि काम खरोखर तेच आहे. पण ग्रामविकास आराखड्यात काम नसेल तर निधी असूनही खर्च पडत नाही. पहिल्या वर्षी आमची ग्रामसभा हुकली, अख्खं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी आठवीच्या मुलांनी टेप लावून छत मोजलं, 110 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मिलिमीटरची एक सर आली की 1,100 लिटर, थोडं वाया जाईल ते सोडून. हे गणित एका मुलाने ग्रामसभेत फळ्यावर मांडलं आणि 5,000 लिटरच्या टाकीचा ठराव तिथेच झाला.

आता जाळी उभी आहे, टाकी भरते. पालक, वांगी, अंबाडी खिचडीच्या पातेल्यात जाते. पुसदच्या नारायण पांढरीपांडे यांच्या पद्धतीचं नाडेप हे कंपोस्ट खताचं टाकं मुलांनी उरलेल्या विटांतून रचलं, हवेसाठी मध्ये भोकं सोडून. ठिबक संचाचा प्रस्ताव अजून मंजूर व्हायचा आहे.

यंदा माझी बदली होऊ शकते. म्हणून सगळ्या फाइलीच्या तीन झेरॉक्स काढल्या: सातबारा, ठराव, शाळा विकास आराखडा, उगवणीच्या वह्या, सगळं. एक कपाटात, एक ग्रामपंचायतीत. तिसरी त्या आजींकडे दिली. त्यांनी ती त्याच पेटीत ठेवली.