तुम्ही विचारलंत म्हणून: मागे न जाणारी गाडी

आमच्या बैठकीच्या खोलीत १९६२ सालचा एक फोटो आहे. लीड्समधल्या भाड्याच्या घरासमोर मी, ही, आणि दोघांच्या मध्ये अंड्याच्या आकाराची आमची तीनचाकी मोटार, इसेटा. घरी येणारा प्रत्येक जण तिथे थांबतो आणि विचारतो, "काका, हिला रिव्हर्स गिअर नव्हता म्हणे? मग चालवायचात कशी?"

नव्हता. मुद्दामच बंद करून टाकलेला होता. त्या काळी ब्रिटनमध्ये मोटरसायकलच्या लायसन्सवर तीनचाकी चालवता यायची, फक्त तिला मागे जाता येता कामा नये, अशी अट. माझ्याकडे लायसन्स मोटरसायकलचंच. आणि हिने एका संध्याकाळी दारात उभं राहून पदर पिळत सांगून टाकलं होतं, "अहो, यापुढे डोक्यावर छप्पर असेल तरच मी बसेन."

ही गाडी मूळची इटलीच्या इसो कंपनीची. १९५५ पासून बीएमडब्ल्यूने आपलं इंजिन बसवून ती जर्मनीत काढली आणि १९५७ पासून ती इंग्लंडात ब्रायटनलाही बनू लागली, रेल्वेच्या जुन्या इंजिन कारखान्यात. त्या कारखान्याला धड रस्ताच नव्हता, म्हणून तयार मोटारी आगगाडीत बसून बाहेर पडायच्या! सुएझ कालव्याच्या भानगडीत पेट्रोलला रेशन लागलं आणि असल्या गाड्यांची चलती झाली. १९५९ मध्ये मिनी ही छोटी चारचाकी मोटार आली आणि त्यांचा भाव उतरला. तो उतरला म्हणूनच आम्हाला परवडली. वडिलांना कोल्हापूरला फोटो पाठवला, तर उत्तर आलं, "इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी अशीच चिमुकली मोटार बनवतात. त्यासाठी एवढ्या लांब कशाला गेलास?"

लांबी जेमतेम सव्वादोन मीटर, सिलिंडर एक, ताकद १३ हॉर्सपॉवर. दार समोर. फडताळ उघडावं तसं गाडीचं सगळं तोंडच उघडायचं आणि स्टिअरिंगही त्याच्याबरोबर बाहेर यायचं. इंजिन उजव्या अंगाला, इंग्लंडात ड्रायव्हरही उजवीकडे, म्हणून तोल सांभाळायला डावीकडे वजन ठेवलेलं. ही म्हणायची, "मी असताना लोखंड कशाला हवं?" खड्डा दिसला की तो दोन चाकांच्या मध्ये घ्यायची माझी सवय. मागचं एकुलतं एक चाक मात्र नेमकं मधोमध. पहिला महिनाभर लीड्सचे सगळे खड्डे आम्ही बुडाखालून मोजले.

हां, तर रिव्हर्स. एरवी काही अडत नसे. उतरायचं, ढकलायचं, परत बसायचं. अडलं एकदाच. एका रविवारी सकाळी बोलता बोलता चुकीच्या बोळात शिरलो. उतार, आणि खाली भिंत. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडीचं नाक भिंतीला टेकलं होतं. आता दार उघडणार कसं? मागे नेणार कशी? मी गप्प. हिने वर पाहिलं. छप्पर कापडी होतं. अडीअडचणीला बाहेर पडायची वाट तीच, पण तिचा असा उपयोग होईल असं विकत घेताना कोणाच्या मनात येतं? हिने कापड मागे सारलं, पदर खोचला, सीटवर पाय देऊन वर चढली आणि मागच्या बाजूने घसरत खाली उतरली. थंडीत, नायलॉनच्या साडीत.

एकटीला ती चढावर ओढवेना. तेवढ्यात आमच्याच भागातला दूधवाला आला. त्याने बाटल्यांचा क्रेट खाली ठेवला, छपरातून मला पाहिलं आणि काहीही न विचारता मागचा बंपर धरला. मी आत, हात हँडब्रेकवर. ही ओरडली, "हां, आता!" मी ब्रेक सोडला, त्याने ओढलं. मराठी त्याला बरोबर कळलं. वीतभर, मग पुन्हा "हां, आता!", पुन्हा वीतभर. दार उघडण्याइतकी जागा होईपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला होता.

त्यानंतर आम्ही ते घर सोडेपर्यंत, भल्या पहाटे दारात बाटल्या ठेवल्या की तो खिडकीकडे तोंड करून ओरडायचा, "हां, आता!"